हटवार मॅडम आणि तुराटीची तलवार

आमच्या शाळेतल्या मास्तरांच्या अर्जांची भाषा मला तोंडपाठ आहे. सत्तावीस वर्षं मी ह्या शाळेत बाबू आहे. 'सविनय सादर', 'आपला कृपाभिलाषी', 'तरी साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा' हे माझी बोटं झोपेतसुद्धा टाइप करतील. फक्त हटवार मॅडमचा अर्ज आला की ही बोटं अडायची. त्या माझ्या टेबलासमोर उभ्या राहायच्या आणि सांगायच्या, "लिहा बाबूजी. मैदानातला दगड पोट्ट्यायच्या पायाले लागते. सोमवारपर्यंत काढावा. हटवार."

"मॅडम, 'विनंती आहे' एवढं तरी टाकू?"

"कायले? दगड का माह्या घरचा हाये?"

आणि दगड नाही निघाला, तर मंगळवारी सकाळी त्या स्वतः सब्बल घेऊन तो खणून काढायच्या आणि थेट मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारात आणून ठेवायच्या. हे मी सांगीवांगी नाही सांगत. तो दगड ओलांडताना मुख्याध्यापक ठेचाळले आणि बोलणी मला खावी लागली!

खरं सांगतो, सुरुवातीची चार-पाच वर्षं मला ही बाई अजिबात आवडत नव्हती. बुटकी, रुंद खांद्यांची, उन्हानं रापलेली. सलवार-कुडता, त्याखाली पोरांचे असतात तसे बूट, गळ्यात शिट्टी. स्टाफरूममध्ये कधी खुर्चीवर बसायची नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि रुमालात बांधून आणलेले मुरमुरे हिरव्या मिरचीबरोबर खायची. कोणी म्हटलं, "बसा ना मॅडम," तर उत्तर ठरलेलं. "बसून राहाले तुमी हा ना."

आता सांगा, असं ऐकून कोणाला घास गोड लागेल?

मोहाडी तालुक्यातलं आमचं गाव. एक तलाव, तलावाच्या खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, एक संस्था, आणि संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब. मैदान तेवढं ग्रामपंचायतीचं, बाकी शाळा, हॉल, नोकऱ्या, सगळं भाऊसाहेबांच्या हातात. मी काही त्यांना वाईट माणूस म्हणणार नाही. पोरांना सायकली त्यांनी दिल्या, माझ्या मुलीच्या लग्नात ते पाहुण्यांना पंगतीत वाढायला उभे होते. पण आपण दिलेली वस्तू शेवटपर्यंत आपलीच असते, असा त्यांचा पक्का समज. तलवारबाजीचं सामान शाळेत त्यांनीच आणलं. कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं होतं, ह्या खेळात फार कोणी नसतं, जिल्ह्यात नंबर लवकर लागतो, पोरांना वाढीव गुण मिळतात. आल्या डझनभर तलवारी. फॉईल म्हणतात त्यांना; बारीक, लवलवत्या, टोकाला बोथट. सोबत जाळीचे मुखवटे आणि जाड पांढरे अंगरखे. पोरं दोन महिन्यांत कंटाळून क्रिकेटकडे पळाली. पोरी राहिल्या. अकरा पोरी आणि हटवार मॅडम.

मॅडम स्वतः कबड्डीच्या. तलवार त्यांनी चाळिशी उलटल्यावर हातात धरली, एका प्रशिक्षण शिबिरात. तिथून परत आल्या त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या टेबलासमोरची खुर्ची ओढून बसल्या. मी घाबरलोच, म्हटलं राजीनामा बिजीनामा लिहायचा आहे की काय.

"बाबूजी, तिथं एक म्हातारा आला होता. गोव्याचा. रॉड्रिग्ज सर. उभी जवानी पोर्तुगालात गेली त्याची, तिथं जुन्या पद्धतीची तलवारबाजी शिकला. अंगाले वायर नाई, लाइट नाई, पॉइंट सांगनारी मशीन नाई."

"मग कळतं कसं, कोणाला लागली ते?"

"ज्याले लागली तो सांगते."

मी हसलो. म्हटलं, "मॅडम, आपल्या जिल्ह्यात? इथं तलाठ्यासमोर उभा राहून माणूस म्हणतो शेजाऱ्याच्या शेताचा धुरा मी कोरला नाही, आणि कुदळ हातात असते!"

त्या हसल्या नाहीत. थोडा वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिल्या, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी दुसऱ्या कोणाला सांगितल्याचं मला माहीत नाही. अकरावीत असताना जिल्ह्याची कबड्डीची फायनल. शेवटची चढाई. समोरच्या कारध्याच्या संघातल्या, चढाई करणाऱ्या पोरीचं बोट ह्यांच्या पायाला लागलं. पंचांना दिसलं नाही. ह्या गप्प राहिल्या. ती पोरगी "लागलं, लागलं" म्हणून ओरडत मैदानात बसली, रडली, आणि ढाल आमच्या तालुक्यात आली.

"तीस वर्षं झाले बाबूजी. त्या पोट्टीचं नाव भी मले माहीत नाई. पन तिचं ओरडनं आयकू येते."

त्या गेल्यावर मी कपाटातून त्यांची फाइल काढली. खेळाची प्रमाणपत्रं एकावर एक लावलेली. शालेय, विद्यापीठ, सगळी. जिल्हा विजेतेपदाचं नव्हतं. नोकरीच्या अर्जाला जोडायला त्याच्याइतकं वजनदार दुसरं काही नव्हतं, आणि बाईनं तेच जोडलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांच्या अर्जात 'विनंती' घुसडायची सोडून दिली.

रॉड्रिग्ज सरांना बोलवायचं पत्रही मीच टाइप केलं. "आमच्याकडे अकरा मुली आहेत. त्यांना तुमची तलवारबाजी शिकायची आहे. राहणं माझ्या घरी. जेवण भात. यावे." एवढंच! मला वाटलं कुठला येतो हा सत्तरीचा माणूस. पण आठवड्यात उत्तर आलं, हिंदीत: खांडे नवमी आणि दसरा असे दोन दिवस देतो, एकादशीची परतीची गाडी आहे. दिवस आमच्याही सोयीचे. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपलेला, लवकर पिकणारा हलका धानही अजून कापणीला आलेला नसतो, पोरींना घरचे शेतावर नेत नाहीत.

हॉल मागायला मॅडम भाऊसाहेबांकडे गेल्या, कागद घेऊन मी बरोबर. भाऊसाहेब खुशीत होते.

"घ्या ना हॉल! फक्त एक काम करा मॅडम. दसऱ्याले चार वाजता मुंबईवरून मोठे पाहुणे येऊन राहिले. संस्थेच्या गेटवर आपल्या पोरी दोन्ही बाजूनं उभ्या करा. डोक्याले फेटे, हातात तलवारी, वर अशी कमान. पाहुणे खालून येतील. फोटो मस्त येते."

मॅडम म्हणाल्या, "नाई जमत."

"काहून?"

"भाऊसाहेब, ह्या पोट्ट्या का तोरण होय, दारावर लावाले? तीन साल झाले घाम गाळून राहिल्या. त्यायले खेळताना पाहाचं असंल तं पाहुन्यायले मैदानात आना. खुर्च्या मी लावतो."

भाऊसाहेबांचं हसू तिथेच थांबलं. "तलवारी कोणाच्या हायेत मॅडम?"

"संस्थेच्या."

"हॉल?"

"संस्थेचा. पोट्ट्या नाई संस्थेच्या."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं. ह्याचा मला आजही राग येतो, पण बघितलं खरं कागदाकडेच. हॉल मिळाला नाही. "आनि त्या दिवशी गेटवर पोरी दिसल्या नाई, तं पुढचा विचार मी करीन," एवढं बोलून भाऊसाहेब उठले.

तलवारी मात्र त्यांनी अडवल्या नाहीत, त्या शेवटी गेटवर हव्याच होत्या. पायलच्या वडिलांनी, गोविंदानं, तलावाच्या पाळीखालचं आपलं खळं शेणानं सारवून दिलं. पायल म्हणजे अकरा जणींतली सगळ्यात चपळ आणि सगळ्यात तोंडाळ. गोविंदा भाऊसाहेबांच्या शेजारचा बांधीवाला, रोज तोंड दिसणारा. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "भेव नाही वाटत का गा?" तो म्हणाला, "वाटते ना जी. पन पोरगी घरात बोलू नाई देऊन राहिली."

नवमीच्या सकाळी मी खळ्यावर गेलो. निमित्त तलवारींच्या पावतीवर सही घेण्याचं. खरं तर मला तो म्हातारा पाहायचा होता. उंच, काटकुळा, पांढरी मिशी. आदल्या दिवशी भंडारा रोड स्टेशनवर उतरला तेव्हापासून प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होता, गोविंदाच्या बैलालासुद्धा. अकरा पोरी पांढरे अंगरखे घालून ओळीत उभ्या. सरांनी चहाचा कप ठेवला, हात चोळले, आणि तलवार उचलायला वळले.

"नाई नाई नाई, सर!" अकरा पोरी, गोविंदा आणि गोविंदाची बायको एकदम ओरडले.

नांगर, कुदळ, विळे ह्यांच्या शेजारी बारा तलवारी मांडलेल्या होत्या. प्रत्येकीला हळद-कुंकू, वरून झेंडूची माळ, पुढे नारळ. खांडे नवमीला औजारांची पूजा होते, आणि एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत त्या औजाराला कोणी हात लावत नाही. आमच्या घरात तर त्या दिवशी विळीसुद्धा भाजी चिरत नाही. हे इथं शेंबड्या पोराला माहीत असतं. आणि ही पूजा केली कोणी? गोविंदानं नाही, पोरींनी नाही. पहाटे आंघोळ करून खुद्द हटवार मॅडमनी! कास्तकाराच्या घरची बाई. वडिलांनी वखराला कुंकू लावलेलं लहानपणापासून पाहिलेलं, हात आपसूक गेला. ज्या बाईनं अख्ख्या संस्थेशी भांडून दोन दिवस मिळवले, तिनं त्यातला एक आपल्याच हातानं देवासमोर ठेवून दिला.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! काय करून बसली मी!"

मी हळूच म्हणालो, "मॅडम, पाणी शिंपडा, माफी मागा देवाची आणि उचला. माणूस गोव्याहून आला आहे."

पायल फणकारली, "वा बाबूजी! मॅडमनंच तं लावलं कुंकू."

"बरोबर हाये तिचं," मॅडम म्हणाल्या. "चूक माही हाये. आज हात नाई लावाचा." मग सरांपुढे जाऊन त्यांनी चक्क हात जोडले आणि आपल्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, 'गैरसमज झाला' वगैरे नाही. "गलती मेरी है सर. आज तलवार नहीं मिलेगी."

बातमी तासाभरात गावात पोचली. भाऊसाहेबांच्या ओट्यावर म्हणे हशा पिकला: देवालेच पटलं नाई बाईचं!

रॉड्रिग्ज सर खाटेवर बसून इकडेतिकडे बघत होते. खळ्याला कुंपण होतं मागल्या साली काढलेल्या तुरीच्या वाळक्या काड्यांचं. तुराट्या. त्यांनी उठून एक उपसली, हवेत फिरवून बघितली. "ये चलेगा?"

"मोडते ना सर," पायल म्हणाली. "जरा लागली का तुटते."

"टूटता है?" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "बहुत अच्छा! जिसका टूटा, वो फेल."

मग जे सुरू झालं ते मी पावतीबिवती विसरून दुपारपर्यंत बघत बसलो. समोरचीच्या छातीला काडी लागली पाहिजे, आणि काडी मोडता कामा नये. पहिला तासभर नुसतं कडाकड! गोविंदाची बायको डोक्याला हात लावून बसली, "बाप्पा बाप्पा, माहं कुंपण गेलं वं!" पोरींना सवय मैदानावरची, जोर करायची. सर म्हणायचे, मारो मत, छुओ. मॅडम स्वतःही रांगेत उभ्या होत्या, आणि सगळ्यात जास्त काड्या त्यांनीच मोडल्या. पोरी खिदळायच्या. मॅडम मोडकी काडी टाकून दुसरी उपसायच्या आणि म्हणायच्या, "हसा, हसा. पाय पाहा सरचे. पाय बरोबर असंल तं हात आपोआप येते." दुपारपर्यंत काड्या मोडायच्या थांबल्या. काडी येऊन नुसती टेकत होती आणि जिला टेकली ती डावा हात वर करून सांगत होती, "लागली."

एकदाच खोळंबा झाला. पायलच्या खांद्याखाली काडी टेकली. सगळ्यांनी पाहिली. पायल गप्प. सर काही बोलले नाहीत, समोरची पोरगी बोलली नाही. मी मॅडमकडे बघितलं. एका शब्दानं त्या सांगू शकल्या असत्या, पण ओठ घट्ट मिटून उभ्या राहिल्या. भर उन्हात सगळे तसेच थांबले. पायल नखं कुरतडत राहिली, खाली बघत राहिली, आणि शेवटी एकदम रडवेली होऊन ओरडली, "लागली! लागली म्हनतो ना! सांगतली ना आता!" सगळं खळं हसलं. मॅडम हसल्या नाहीत. कुंपणाकडे तोंड करून त्यांनी ओढणीनं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, तलवारी उचलल्या. लोखंड हातात आलं तरी हात तुराटीचाच राहिला होता. तीन वाजता भाऊसाहेबांचा माणूस अकरा फेटे घेऊन खळ्यावर आला. मॅडमनी खेळ थांबवला, पोरींना गोल बसवलं.

"आयका. मी गेटवर जानार नाई. पन तुमचे मायबाप इथंच राह्यतेत, ते मले माहीत हाये. ज्याले जायचं असंल त्यानं जावा. मी रागावनार नाई. खरंच सांगतो."

दोघी उठल्या. एकीचा बाप भाऊसाहेबांच्या ट्रॅक्टरवर होता, दुसरीच्या भावाची नोकरी संस्थेत लागायची होती. दोघी रडत होत्या. मॅडमनी स्वतः त्यांचे फेटे बांधले, शेमला नीट मागे सोडला, तलवारी हातात दिल्या. "तलवार खाली नको टेकवू. ताठ उभी राह्य." नऊ राहिल्या.

चारला पाहुण्यांच्या गाड्या तलावाच्या पाळीवरून आल्या. हॉर्न, झेंडे, धूळ. एक मोठी गाडी खळ्यापाशी हळू झाली, काच खाली आली. पांढऱ्या कपड्यातल्या पोरी दोन-दोनच्या जोड्यांत खेळत होत्या. रॉड्रिग्ज सरांनी विचारलं, "कौन आया?" मॅडमनी मागे वळून बघितलंच नाही. म्हणाल्या, "कोई नहीं सर. इसका पाय देखो."

हे मला नंतर पायलनं सांगितलं; मी तेव्हा गेटवर होतो. असायलाच हवं होतं, बाबू आहे मी. दोन पोरींची कमान होईना. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, मधून पाहुणे वाकून गेले. फोटो काही मस्त आला नाही.

पंधरा दिवसांनी भाऊसाहेबांनी मला बोलावून दोन कागद टाइप करायला सांगितले. एक माफीनामा, एक बदलीचा आदेश, तिकडे दूर, चिखल्याच्या बाजूला असलेल्या संस्थेच्या दुसऱ्या शाळेत. पहिल्यावर सही झाली तर दुसरा फाडायचा. मी माफीनामा घेऊन गेलो. मॅडमनी उभ्या उभ्या वाचला.

"बाबूजी, नवमीले चूक केली तं मी त्याच जागी हात जोडले. याच्यात माही चूक कोनती?"

"मॅडम, सहीपुरतं. पोरींसाठी तरी. तुम्ही गेल्यावर त्यांना कोण शिकवणार?"

हे त्यांना लागलं. त्यांनी कागद पुन्हा वरपासून वाचला. "याच्यावर सही केली तं मंग शिकवू काय त्यायले?" त्यांनी कागद घडी घालून माझ्या खिशात ठेवला. "जा. दुसरा टाइप करा."

केला. आता बाबूच्या हातात काय असतं? एक शब्द असतो. कार्यमुक्तीच्या आदेशात लिहावं लागतं, माणूस मध्यान्हपूर्व सुटला की मध्यान्हानंतर. भाऊसाहेबांनी सांगितलं होतं, संध्याकाळी शाळा सुटताना कागद द्या, पोरी जमायला नको. मी टाइप केलं, 'मध्यान्हपूर्व'. मुख्याध्यापकांनी सहीसाठी पेन उचलला, तो शब्द वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि सही केली. दगडाला ठेचाळलेला माणूस हाच, पण त्या दिवशी मला तो आवडला.

साडेअकराला मी कागद मॅडमच्या हातात दिला.

"म्हंजे आता ह्या शाळेचा माह्यावर हुकूम नाई?"

"नाही."

"आनि तिथला?"

"उद्या हजर झाल्यावर."

"मंग आज दुपारी मी कोनाची हाओ?"

"कोणाचीच नाही मॅडम."

त्या हसल्या. मी इतक्या वर्षांत त्यांना असं तोंडभर हसताना पाहिलं नव्हतं. शिट्टी गळ्यात नीट केली, पायऱ्या उतरल्या, आणि ग्रामपंचायतीच्या मैदानावर मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. पोरी धावल्या. तलवारी कपाटात कुलपाखाली होत्या, म्हणून नुसत्या पायांचा सराव. पुढे, पुढे, मागे. सुट्टी संपल्याची घंटा झाली, बाकीची पोरं वर्गात शिरली, मैदानातले पाय काही थांबले नाहीत. तेवढ्यात भाऊसाहेबांचा फोन.

"बाबू, ती बाई अजून मैदानात काहून हाये?"

"साहेब, मैदान पंचायतीचं आहे. आणि ती बाई आता आपली नाही."

"आनि पोरी? पोरी तं आपल्या हायेत ना!"

फोन कानाला तसाच होता, आणि दारात पायल येऊन उभी राहिली. घामानं थबथबलेली, धापा टाकत. तिच्या मागे मान ताठ करून उभ्या होत्या त्या दिवशी फेटे बांधून गेलेल्या दोघी.

"बाबूजी," पायल म्हणाली, "आमची अकराही जनीची दुपारची गैरहजेरी मांडून घ्या. आमी वर्गात नाई. मॅडमपाशी हाओ."

"ऐकलं का साहेब?" मी फोनमध्ये म्हणालो, आणि पहिल्यांदा त्यांच्याआधी मी फोन ठेवला. वर्गाचा हजेरीपट मागवला आणि अकरा नावांपुढे 'गै' लिहिलं.

खिडकीतून मैदान दिसत होतं. ऊन कलत होतं, पोरींच्या दोन रांगा पुढे-मागे सरकत होत्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत हटवार मॅडम उलट पावली चालत होत्या, तोंड पोरींकडे, पाठ शाळेकडे. चिखल्याकडे जायची बस पाचला होती. त्यांनी घड्याळ बघितलेलं मला दिसलं नाही.